संध्याकाळचे दूध

सकाळच्या दुधापेक्षा संध्याकाळच्या दुधाला फॅट थोडे जास्त लागते. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात केशरबाईंच्या म्हशीचे उलटे होते. सकाळी सात टक्क्यांपर्यंत लागणारे फॅट संध्याकाळी पाच टक्क्यांच्या खाली येई. म्हैस तीच, वैरण तीच, धारा काढणारे हात तेच.

गावच्या सहकारी दूध संस्थेत हे दूध तपासायला बसे तो केशरबाईंचाच मुलगा, सुग्रीव. दुग्धरसायनात डॉक्टरेट मिळवून तो केज तालुक्यातल्या आपल्या गावी परतला होता. दुष्काळात संस्था मोडू नये म्हणून त्याने तपासणी अंगावर घेतली, आणि गाव त्याला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणू लागले. आता फ्रान्समधल्या रेन नावाच्या शहरातील एका प्रयोगशाळेने त्याला नोकरीवर बोलावले होते. जायचे की नाही, हे महिनाअखेरपर्यंत कळवायचे होते.

कोणी विचारले की तो म्हणे, “आईला एकटं टाकून कसं जायचं?” वाक्य सोयीचे होते. त्याला पुरावा मागायला कोणी धजत नसे. त्या नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीत एका साध्या प्रश्नाला तो अडखळला होता, आणि पडद्यावरच्या बाईंनी तोच प्रश्न लहान मुलाला विचारावा तसा सावकाश पुन्हा विचारला होता, हे मात्र त्याने कोणालाही सांगितले नव्हते.

“रेन म्हंजी इंग्रजीत पाऊसच ना बे?” म्हातारे तात्याबा कॅन खाली ठेवत म्हणत. “मंग जा की! आन् जमलं तर एखादं टँकर हिकडं धाड.”

सुग्रीवने आईच्या दुधाचा छडा लावायचा प्रयत्न केला. पाणी घातले असते तर दुधाची घनता दाखवणारा लॅक्टोमीटर खाली गेला असता. तो उलट किंचित वर येई, म्हणजे साय काढलेली असावी. पण दूध केंद्रावर येई तेव्हा धारोष्ण असे, आणि इतक्या थोड्या वेळात कोमट दुधावर साय धरत नाही. वैरण म्हणावी, तर उसाचे वाढे म्हैस सकाळीही खाई आणि संध्याकाळीही. त्याला कारण सापडेना, आणि कारण सापडत नाही हे लोकांना दिसू लागले.

अखेर अध्यक्ष मोहनरावांनी त्याला बाजूला घेतले. “सुग्रीवराव, दुसऱ्या कुणाचं दूध असतं तर तुमी काय केलं असतं?”

“परत केलं असतं.”

“मंग झालं तर.”

त्याच संध्याकाळी त्याने सगळ्यांसमोर आईचा कॅन बाजूला सारला. “हे दूध संस्थेला चालणार नाही,” तो म्हणाला, आणि आवाज जरुरीपेक्षा मोठा लागल्याचे त्याचे त्यालाच ऐकू आले. पदर सावरून केशरबाईंनी कॅन उचलला आणि त्या वाटेला लागल्या.

“का बे सुग्रीवा,” तात्याबा म्हणाले, “आईचं दूध परत केलंस?”

रांगेत हसू उठले आणि अर्ध्यावरच विरले. सुग्रीव म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. त्याचे कान तापले होते. नियमाची चाड त्याला होतीच; पण आपण निःपक्षपाती दिसावे ही हौस त्याहून मोठी होती, हे त्याला त्याच क्षणी कळले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. फॅटचे मशीन बंद पडले, आणि तो कधी नव्हे तो संध्याकाळच्या धारांच्या वेळी घरी आला. गोठ्याच्या कुडाआडून त्याने पाहिले. बादली भरत आली तशी केशरबाईंनी ती बाजूला सरकवली, पितळी चरवी गुडघ्यांत धरली आणि उरलेल्या धारा तिच्यात काढल्या.

दुधातली बरीचशी स्निग्धता शेवटच्या धारांत उतरते. संस्थेच्या सभेत हे त्यानेच सांगितले होते, तेव्हा केशरबाई पुढच्याच ओळीत बसल्या होत्या. आपल्या गोठ्याला ते लावून पाहण्याचे त्याला सुचले नव्हते.

“आई, हे काय चाललंय?”

“तूप करतेय.”

“कुणासाठी?”

“दुसरं कोन चाललंय परदेशाला?”

“मी जातो असं म्हणालोच नाही.”

“ठावं हाय. लोकान्ला सांगतोस, आय एकटी हाय म्हनून.” केशरबाईंनी चरवीवर फडके झाकले. “पानी भरायला गेलते, तितं बायनाबाईनं तोंडावर इचारलं, कावून धरून ठिवलंय लेकाला? लई लाज वाटली बग. मी तुला कवा अडवलं रं?”

सुग्रीव कुडाआडून पुढे आला.

“तुजा बाप आन् मी ऊस तोडायला जायचो, तवा माजी सासू असंच शिधा बांधून ठिवायची. ट्रकात शिधा चढला की जातो का ऱ्हातो कुनी इचारायचं न्हाई. गाडी भरली म्हनायचं आन् निगायचं. म्हनलं, तुजी बी गाडी भरावी.”

“आई, त्या गावात लोण्याला तोटा नाही.”

“असंल. म्हशीचं हाय का?”

“नाही,” तो म्हणाला. याबाबत शंकेला जागा नव्हती.

“मंग!”

“मग सकाळच्या शेवटच्या धारा का नाही वेगळ्या काढल्यास?”

“सकाळी तू हितं उबा असतोस की.”

सकाळ आणि संध्याकाळ यांच्यात बदलणारी गोष्ट एकच होती: तो स्वतः. तेवढी सोडून त्याने सगळे तपासले होते.

“काल सगळ्यांसमोर तरी बोलायचं होतंस.”

“काय बोलू? दुदात फॅट कमीच व्हतं की. तू खोटं न्हाई बोलला.” चरवी उचलत त्या म्हणाल्या, “दुदाचं तरी.”

“आणि तुझ्याकडे कोण बघेल?”

“मी म्हशीकडं बगते, म्हैस माज्याकडं. शेजारचा धर्मराज हाय मदतीला. तू तुजं सांग.”

दुसऱ्या संध्याकाळी रांग लागली, तेव्हा सुग्रीवने आईचा कॅन आधी घेतला. दूध शुद्ध होते आणि आहे, परत करण्यात चूक झाली, असे त्याने सर्वांना सांगितले.

“मंग फॅट कशानं कमी लागत व्हतं?” मोहनरावांनी विचारले.

रांग ऐकत होती. केशरबाई जमिनीकडे पाहत होत्या. त्याने सांगितले. आवाज या वेळी फार लहान निघाला, म्हणून तात्याबांनी ते पुन्हा म्हणायला लावले, आणि त्याने पुन्हा म्हटले. मग मोबाइल काढून त्याने फ्रान्सला होकार कळवला. त्याला धाडस आले होते असे नव्हे. आड उभे राहायला आता आई उरली नव्हती.

त्याने जे दोनदा सांगितले ते असे. संध्याकाळचे फॅट कमी लागे, कारण शेवटच्या धारा केंद्रावर येत नव्हत्या. त्या वेगळ्या काढल्या जात, कारण त्याच्या आईला त्याची गाडी भरायची होती. आणि गाडी आईला भरावी लागली, कारण त्याला स्वतःलाच जायची भीती वाटत होती, आणि संस्थेत दूध सभासदाच्या नावावर घालतात तशी ती भीती त्याने आईच्या नावावर घातली होती.