चोवीस पायऱ्या

"मी काय कोळंबीची पाटी आहे?" आईनं पाळण्याकडे बघत विचारलं.

"अगं, दोनशे किलोची पेटी चढते यातून. तू कितीशी?"

"पेटीला लाज नसते, एल्फेज."

सामान वर ओढायचा लोखंडी पाळणा मी तिच्यासाठी मुद्दाम घासूनपुसून ठेवला होता. तिनं तोंड फिरवलं. आज सर्व संतांचा सण. आमच्या बायूकाठची, या संथ दलदलीच्या खाडीकाठची माणसं आज कबरस्तानात जाऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांना सफेदी करतात. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यांच्या थडग्याला आईखेरीज कुणाचा कुंचला लागलेला नाही. आणि मे महिन्यापासून आई घराखाली उतरलेली नाही.

दोष माझाच. पुराचं पाणी लागू नये म्हणून घरं उचलणं हा माझा धंदा. खाली पोलादी तुळया सरकवायच्या, जॅक लावायचे आणि लाकडी ठोकळे रचत चारी कोपरे एकाच वेळी इंच इंच वर चढवायचे. आईचं घर उचललं तेव्हा कपाटातली बशीसुद्धा हलली नाही, हे मी गावभर सांगत फिरलो. आई म्हणत होती, आठ फूट पुरे. सरकारी माणूस म्हणाला, अकरा. मी चौदा केलं. मागच्या वादळात ती सहा तास स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभी होती, कमरेएवढ्या पाण्यात, आणि मी पुलापलीकडे अडकलेला. ते सहा तास अजून माझी पाठ सोडत नाहीत. त्या भीतीपायी मी पाण्याची उंची मोजली, आईचे गुडघे मोजायचे राहिले.

"मी माझ्या पायांनी उतरीन," ती म्हणाली. चुन्याची बादली तिनं माझ्या हातात दिली, कुंचला मात्र काखेत धरला.

एकेका पायरीवर बसत, कठडा धरून उठत ती उतरू लागली. पंधरा पायऱ्या झाल्या आणि तिचा डावा गुडघा आखडला. अर्धा तास आम्ही तिथंच बसलो. खालच्या रस्त्यानं बाया बादल्या घेऊन चालल्या होत्या.

"पाठीवर घेऊ?"

"सगळ्या बघतायत. गप बस."

तिनं वर पाहिलं, मग खाली राहिलेल्या नऊ पायऱ्यांकडे पाहिलं. "पंधरा उतरले बघ. आठ फुटांचं असतं तर आत्ता जमिनीवर असते मी."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती.

शेवटी तिनं काखेतला कुंचला माझ्यापुढे धरला. "जा तू. आणि मागची बाजू सोडू नकोस. दिसत नाही म्हणून पुरुष ती सोडतात."

मी गेलो. चारी बाजूंनी दोन-दोन हात दिले, बाबांच्या नावातली अक्षरं बोटानं पुसून मोकळी केली. परत आलो तर ती त्याच पायरीवर बसलेली. रस्ता रिकामा होता, म्हणून वर नेताना तिनं मला उचलू दिलं. ओसरीवर टेकवली तेव्हा म्हणाली, "हात बघू."

माझे ओले, पांढरे तळवे तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि जोर लावून घासले. मला वाटलं, बाबांची आठवण आली असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. "अझेली! दिसली नाहीस गं आज?"

आईची मैत्रीण युनिस परतत होती. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे. आमच्याकडे त्या दिवशी बाया रात्रीच्या जेवणापर्यंत हात धूत नाहीत. ज्याचे हात स्वच्छ, तो आपल्या माणसाला विसरला म्हणतात.

आई कठडा धरून उभी राहिली. दोन्ही तळवे तिनं बाहेर काढून खाली दाखवले.

"पहाटेच जाऊन आले की! उन्हाच्या आत."

युनिस पहाटेपासून बाबांच्या शेजारच्याच थडग्यापाशी होती. माझी बादलीसुद्धा तिनंच धरली होती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या हातांकडे.

"तरीच!" ती म्हणाली. "बघितलं मी. म्हटलं, हा अझेलीचाच हात."

ती पुढे चालू लागली. ती वळणाआड जाईपर्यंत आईनं हात आत घेतले नाहीत.