डब्याचा पाहुणचार

पवनारच्या धुरपताबाईंच्या घरात पाहुण्याची बडदास्त चोख असे. भाजी विकून घेतलेला कूलर घरच्यांसाठी क्वचितच चालायचा, आणि गादीवरची धुतलेली चादर पाहुणा दारात दिसल्यावरच पेटीतून निघायची. सून पिंकीला एक सवलत मात्र पूर्ण होती. चुलीपुढे तिने हवं तेवढं खोकावं.

पण पिंकीला दिवस गेले, आणि डॉक्टर म्हणाले, पोटातलं लेकरू वाढत नाही, धूर बंद करा. तेव्हा धुरपताबाई खरोखर घाबरल्या. सिलिंडर कोपऱ्यात रिकामा उभा. रांधणं सगळं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर, खिडकी नसलेल्या खोलीत.

अशात एका संस्थेची चारुता घरांना गुण देत गावात आली. घरातला धूर आणि उकाडा मोजणारा एक पांढरा डबा तिने चुलीजवळच्या खुंटीला टांगला. ज्यांना गुण कमी, त्यांना संस्था धुराडं आणि खिडकी बांधून देणार होती.

"मावशी, परवा नेते. तोवर हात लावू नका, रोजच्यासारखंच राहा."

"नाई लावत, बाई."

संध्याकाळी चूल पेटली आणि डब्यावर काजळी धरली. धुरपताबाईंना बघवेना. दुसऱ्याची वस्तू, तीही एवढी पांढरी. त्यांनी डबा उतरवला.

"आई, काऊन काढून राह्यल्या?"

"काया पडला तं ते पोरगी काय म्हणन? घर तं एकच हाये ना."

पुसलेला डबा समोरच्या खोलीत स्टुलावर बसला. त्याच्यासाठी कूलर लागला. नेण्याच्या दिवशी सकाळी धुरपताबाईंनी तो गुपचूप पुन्हा खुंटीला टांगला.

महिन्याभराने चारुता आली ती दारावर चिटकवायचा हिरवा कागद घेऊन. 'उत्तम घर.' गावात पहिलं. धुरपताबाईंचे यजमान बंडूजी यांनी शेजारपाजार गोळा केला.

"मंग धुराडं कवा बांधता?" धुरपताबाईंनी विचारलं.

"ते कमी गुणवाल्यांना, मावशी. जिजाबाईंकडे कामही सुरू झालं."

धुरपताबाई पुढे झाल्या. "बाई, डबा चुलीपाशी नोयता. म्या त्याले कूलरसमोर ठेवलतं."

बंडूजी हसले.

"तिचं काय आयकता, मॅडम. तिले मस्करीची सवय हाये. पिंकी, मॅडमले चहा ठेव."

शेजारीही हसले. चारुता काही विचारणार होती. पण नावं वर गेली होती, पैसे वाटून झाले होते. तीही थोडी हसली.

आत चूल फुंकल्याचा आवाज आला, मग खोकला, मग थांबून पुन्हा खोकला. दारातून धूर बाहेर आला तशी चारुताने ओढणी नाकाला लावली. धुरपताबाई उठून आत गेल्या आणि सुनेच्या हातातली फुंकणी धरली.

पिंकीने ती सोडली नाही.

"राहू द्या, आई," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुराचंच असेल. "तुमी पाहुण्यांजवळ बसा."