हातभर ढील

मी एक दोर आहे. खरं तर होतो. सध्या मी पायपुसणं आहे आणि दाराशी पडून तुमच्याशी बोलतोय. हसू नका. कातळ चढणाऱ्यांच्या घरात म्हाताऱ्या दोराची सोय अशीच लावतात. कुणाचा कुत्र्याचा पट्टा होतो, कुणाचा झोपाळा. मला हॉबर्ट लिली नावाच्या म्हाताऱ्याने एका हिवाळ्यात चुलीपाशी बसून गोल गोल विणलं आणि घराच्या व्हरांड्यात टाकलं. तेव्हा मी मनात म्हटलं, चला, पाय तरी ओळखीचे आहेत.

माझा जन्म कारखान्यातला. आत पांढऱ्या नायलॉनच्या पिळदार शिरा आणि वर निळ्या-पिवळ्या धाग्यांचं विणलेलं कातडं. माझ्या काही भावंडांना तिथेच छताला बांधून त्यांच्या टोकाला माणसाच्या वजनाचा लोखंडी ठोकळा लावायचे आणि वरून सोडून द्यायचे. ठोकळा धाडकन खाली यायचा, भाऊ लांबायचा, आणखी लांबायचा, आणि मग तो एवढा मोठा ठोकळा झोप लागल्यासारखा हळूच थांबायचा. तुटायचं नाही हे तर साखळीलाही जमतं. आमच्याकडून लांबणं हवं असतं, हे मला तिथे रिळावर पडल्या पडल्या समजलं.

तुम्हाला वाटतं, माणूस थांबला की सगळा एकदम थांबतो. मी इतकी माणसं झेललीत, मला विचारा. आधी कमरेचा पट्टा थांबतो, मग हाडं थांबतात. आतलं काळीज, यकृत, डोक्यातला मेंदू यांना निरोप उशिरा पोचतो, ते बिचारे अजून खालीच निघालेले असतात. त्यांना थांबायला थोडी जागा मिळाली, थोडा वेळ मिळाला, तर माणूस हसत उतरतो. नाही मिळाला तर आत काहीतरी फाटतं किंवा मोडतं. पुष्कळ उंचावरून माझ्यावर पडलेली माणसं मी शीळ घालत घरी जाताना पाहिलीत आणि जेमतेम हातभर पडलेलं माणूस पाठीवर न्यावं लागलेलंही पाहिलंय. तीच गोष्ट सांगायची आहे.

मला घरी आणलं कोराने, हॉबर्टच्या मुलीने. हे लोक पश्चिम व्हर्जिनियातले, दरीकाठचे. खाली नदी, नदीला लागून कोळशाची मालगाडी आणि दोन्ही अंगांना वालुकाश्माचा उभा कातळ. कोरा उन्हाळ्यात पाहुण्यांना रबरी होड्यांतून नदीच्या खळाळातून न्यायची आणि उरलेला सगळा वेळ माझं एक टोक कमरेला बांधून कातळावर असायची. वर जाताना कातळात ठोकलेल्या कड्यांमधून ती मला ओवत जाई. दुसरं टोक खाली उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेच्या ब्रेकमधून त्याच्या हातात. ती सुटली की तिने शेवटी ओवलेल्या कडीवर मी ताणला जायचो आणि खालच्याने ब्रेक दाबायचा, असा सगळा मामला.

तो खालचा माणूस म्हणजे हॉबर्ट. धिप्पाड, कमी बोलणारा, टोपी कधी न काढणारा. कोराची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून बापाचा सगळा जीव या एका पोरीत. खाण बंद पडल्यावर तो घरी बसून कोंबड्यांशी भांडायला लागला, म्हणून कोरानेच त्याला कातळाखाली आणून उभं केलं.

आता हॉबर्टचं खाणीतलं काम काय, तर माणसांचा पिंजरा विहिरीसारख्या खोल खड्ड्यातून वरखाली करायचा. सगळा जन्म त्याने पोलादी दोर हाताळला. एकदा दुसऱ्या पाळीत पिंजरा मध्येच अडकला आणि वर चाक फिरतच राहिलं. सैल दोर पिंजऱ्याच्या टपावर साठत गेला. मग पिंजरा सुटला. तो तळाला आपटला नाही, सैल दोर संपला तिथे जागच्या जागी थांबला. पोलाद कुठलं लांबायला! आत उभ्या असलेल्या माणसांचे गुडघे आणि मणके गेले. त्यांत हॉबर्टचा जिवलग मित्र लॉइड होता. तो परत कधी सरळ चालला नाही. त्या दिवसापासून सैल दोर हा हॉबर्टचा वैरी झाला. पोलादाच्या बाबतीत त्याचं काही चुकत नव्हतं. मी पोलाद नव्हतो, एवढंच त्याच्या हातांना कळलं नाही.

"बाबा, जरा ढील दे ना! मला हात पुढे टाकता येत नाहीये," कोरा वरून ओरडायची.

"ढील मागू नकोस. ढिलाईने माणसं जातात."

"अरे, पण तू मला टांगून ठेवलंयस! मी काय वाळत घातलेलं धुणं आहे?"

"वाळ मग," हॉबर्ट खालून म्हणायचा आणि मला आणखी आवळायचा.

पानगळीतली सकाळ होती. कातळ गार होता, खाली मालगाडी लांबवर गुणगुणत होती. कोराचा पाय एका बारीक खाचेतून निसटला. पडणं काहीच नव्हतं हो, मी असली पडणी झोपेत झेलतो. पण हॉबर्टने तिला सुटताना पाहिलं आणि होतं नव्हतं तेवढं मला ओढून घेतलं, मागे सरकला आणि चक्क बैठक मारली. केवढं ते वजन! मला लांबायला जागाच राहिली नाही. खाली येणारी कोरा मध्येच अडली आणि झोका खाऊन सरळ कातळावर गेली. टाच आधी लागली. तो आवाज माझ्या सबंध अंगातून खाली हॉबर्टच्या हातापर्यंत गेला. त्याने कानांनी ऐकायच्या आधी हातांनी ऐकला, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तिला पाठीवर घेऊन तो ती चढाची पायवाट एकदाही न थांबता चढला. मी तिच्या खांद्यावर वेटोळं होऊन होतो.

टाचेचं हाड मोडलं होतं. पाय प्लास्टरमध्ये घालून कोरा स्वयंपाकघरात बसून राहायची. हॉबर्ट तिच्यासमोर पावावर रस्सा वाढून ठेवायचा आणि ती चमच्याने नुसता इकडून तिकडे करायची.

"मी घट्ट धरलं होतं गं," एके दिवशी तो म्हणाला. "बोटभरसुद्धा सोडलं नाही."

"तेच तर ना, बाबा."

मग कोरा म्हणाली, "पाय बरा झाला की मी परत चढणार आहे. पण आता दोर ओपल धरेल. तू घरी थांब."

हॉबर्टने मान हलवली आणि ताटली उचलून धुवायला नेली. मी खुंटीवर होतो, मला त्याचा चेहरा दिसत होता. आई गेल्यापासून या पोरीचं दुसरं टोक त्याच्याच हातात होतं. आज ते गेलं होतं, आणि गेलं होतं ते घट्ट धरल्यामुळे. मला त्या माणसाची फार फार दया आली.

ओपल म्हणजे कोराची चढायची जोडीदारीण. केसांची पांढरी वेणी, हाताची बोटं वाकडी, जीभ तिखट. मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायचं हा तिचा धंदा, त्यामुळे कोराच्या पायाचे व्यायाम घ्यायला तीच यायची. एकदा ती निघाली तसा हॉबर्ट अंगणापर्यंत मागे गेला.

"ओपलबाई, तुम्ही धरता तेव्हा ती मोडत नाही. का?"

"मी धरत नाही म्हणून. दोर ताणला की मी एक उडी मारते आणि तिच्या वजनाबरोबर थोडी वर जाते. मला ओढून नेण्यात तिचा वेग खर्ची पडतो. तू असतोस बसलेला, गोदामासारखा."

"मला शिकवाल?"

ओपलने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अंडी आहेत का घरात?" तिने विचारलं.

मग परसातल्या ओकच्या झाडाला एक कडी बांधली. एका पोत्यात मका आणि मक्याच्या मधोमध हॉबर्टच्या जुन्या गंजिफ्रॉकात गुंडाळलेली त्याच्याच कोंबड्यांची अंडी. मला पोत्याला बांधलं. ओपल शिडीवर चढून पोतं ढकलायची आणि खाली हॉबर्ट.

"ही तिची टाच समज," ओपलने बजावलं.

पोतं सुटलं. हॉबर्ट बसला. पोतं खोडावर थाडकन आपटलं आणि खालून पिवळं ठिबकायला लागलं.

"उडी कुठाय?"

"पाय उचलत नाहीत."

"लग्नात नाचला नव्हतास का रे?"

"नाही."

"वाटलंच मला."

तो रोज परसात येई. बुद्धीने सगळं समजलं होतं त्याला, पण वर काही सुटलं की त्याचे हात आपोआप आवळायचे. हातांना मनाचं ऐकायची सवय नव्हती. घरात सकाळ-संध्याकाळ नुसती अंडी. कोंबड्या कुंपणावर बसून रागाने बघायच्या. कोरा कुबड्या घेऊन बंद खिडकीमागे उभी राही.

आणि एका धुकट सकाळी पोतं सुटलं, मी ताणला गेलो, आणि हॉबर्ट उडाला. फार नाही, टाचा सुटल्या आणि तो बोजड देह वीतभर हवेत गेला. पोतं खोडाला नुसतं टेकलं. ओपलने गंजिफ्रॉक सोडून अंडी त्याच्या तळहातावर ठेवली. एकालाही तडा नव्हता. तो खुळ्यासारखा हाताकडे बघत राहिला.

खिडकी उघडली. "म्हणजे आज ऑम्लेट नाही?" कोराने विचारलं.

वसंतात आम्ही पुन्हा कातळाखाली गेलो. रानात गुलाबी फुलं होती, नदी भरून वाहत होती. कोराने माझं एक टोक कमरेला बांधलं, दुसरं उचललं. ओपलने हात पुढे केला. कोरा तिला ओलांडून गेली आणि ते टोक तिने बापाच्या हातात दिलं. हॉबर्टने तळवे विजारीला पुसले आणि मला ब्रेकमधून ओवलं.

ती चढत गेली. "ढील," ती म्हणाली, आणि त्याने दिली. जुन्या खाचेपाशी तिचा पाय थरथरला. ती सुटली.

त्या क्षणाची मला अजून स्वप्नं पडतात. नदीचा आवाज बंद झाला. कोरा खाली येत होती, केस वर उडालेले. खाली हॉबर्टची बोटं माझ्यावर वळली, आता आवळणार असं मला वाटलं, आणि मी मनातून त्याला हाक मारली. माझ्या शिरा उलगडायला लागल्या, एकामागून एक. तेवढ्यात खालचं वजन हललं. म्हातारा येत होता! तो वर येत होता, ती खाली येत होती, आणि मध्ये मी लांबत होतो, लांबत होतो. तिचा पट्टा थांबला, मग हाडं, मग तिच्या आतलं सगळं, सावकाश, आपापल्या वेळेने. तिचे तळपाय कातळाला टेकले ते बाळाने भुईवर टेकावेत तसे.

नदी पुन्हा ऐकू यायला लागली. कोरा डोळे मिटून लोंबकळत होती.

"बाबा? कुठे आहेस तू?"

"इथेच," पायांखालून आवाज आला. "हवेत."

हॉबर्ट जमिनीपासून चांगला कमरेइतका वर टांगलेला होता आणि त्याची टोपी खाली पडली होती. कोरा हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि खाली ओपल त्या टोपीची धूळ झटकत राहिली.

त्यानंतरही मी पुष्कळ झेललं. मग माझं कातडं विरलं, शिरा लांबून लांबून पहिल्यासारख्या आखडेनात. असा दोर वापरत नाहीत. कोराने नवा दोर आणला, आणि तो घेऊन ती पश्चिमेकडे निघाली, तिकडच्या मोठ्या कातळांकडे, कायमची. तिथे तिचं दुसरं टोक कुणा दुसऱ्याच्या हातात असणार होतं.

तुमच्याही हातात कुणाचा तरी दोर असेल. घट्ट धरण्यातच सगळी माया आहे असं वाटेल तुम्हाला, हॉबर्टला वाटलं होतं तसं. माझं एवढं ऐका, त्याला थांबायलाही थोडी जागा ठेवा.

ती निघाली तेव्हा हॉबर्ट व्हरांड्यात माझ्यावर उभा होता. तिने त्याला मिठी मारली, त्याने पावांची पुडी तिच्या हातात दिली. "पोचलीस की कळव" एवढंच म्हणाला. गाडी अंगणातून निघाली, उतार उतरली. त्याच्या बुटांचा सगळा भार माझ्यावर होता, तसूभरही हलत नव्हता. मला भीती वाटली की हा आता बसणार.

गाडी वळणाशी पोचली, आणि त्याच्या टाचा माझ्यावरून सुटल्या.