वर आलेलं घर

साहेब, तुम्ही घर पाहिलंच नाहीत. तुम्ही कागद पाहिलात, कागदावरचा आकडा पाहिलात, आणि दोन माणसांना तीस दिवसांत बाहेर व्हा म्हणून लिहून मोकळे झालात. घर म्हणे चौदा महिन्यांत एकतीस मिलिमीटर वर उचललं गेलंय. खालची जमीन फुगतेय, घर केव्हाही तडकेल. एखादा तरी तडा दिसतो का, हे बघायला तुमच्या कचेरीतल्या एकाही माणसानं उंबरा ओलांडला नाही.

नोटीस आली त्या दुपारी भाऊजींनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि मेहुणीला फोन लावला. मेहुणी म्हणजे मातीबाई. माती तपासायच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढल्यावर तिचं पाळण्यातलं नाव आईखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. भाऊजींनी तिला अगदी गंभीरपणे कळवलं, की आपल्या घराला उशिरा का होईना उंची फुटलीय, आता पँटी आखूड होणार.

मातीबाई हसत हसत आली खरी, पण आत शिरल्यावर तिचं हसू आटलं. तिची थोरली बहीण, ताई, कपाटं रिकामी करत होती. सरकारी कागदावर शिक्का असला की तो खराच, अशी ताईची समजूत. भांडायच्या आधीच ती हरून बसली होती, आणि मातीबाईला नोटिशीपेक्षा तेच जास्त झोंबलं.

भाऊजी घड्याळं दुरुस्त करत. त्यांच्या बाकावर एक काच होती आणि काचेवर तेलाचा थेंब. बाक जरा कलला तरी थेंब पळतो, म्हणून रोज सकाळी थेंब बघूनच ते कामाला बसायचे. गेल्या कित्येक वर्षांत तो जागचा हलला नव्हता. हा घ्या साक्षीदार, म्हणाले.

मातीबाईनं साक्षीदाराला तिथल्या तिथे उडवून लावलं. थेंब फक्त घर कललं तर सांगणार. सगळं घर सरळ उचललं गेलं तर हा बसल्या जागी मजेत वर जाईल, तुमच्यासारखाच.

"मेहुणीबाई, तुम्ही आमच्या बाजूच्या ना?"

"मी आकड्याच्या बाजूची. त्यांनी मोजलं कुठून, ते दाखवा आधी."

नोटिशीमागे जोडलेल्या पानावर ते लिहिलं होतं. कचेरीच्या दर्शनी पायरीत पितळी बोल्ट बसवलाय. त्याची उंची पक्की धरायची आणि आजूबाजूच्या इमारतींची उंची त्याच्यावरून काढायची. मातीबाईनं ते वाचलं आणि खुर्ची ओढून बसली. मग पोट धरून हसली.

कचेरीखालची माती तिच्या हातून गेली होती. बांधकामाच्या आधी नमुने तिच्याकडेच आले होते. राखाडी चिकणमाती, मळलेल्या कणकेसारखी. तिची बांगडीएवढी चकती कापून तिनं कड्यात बसवली होती, वर वजन ठेवलं होतं, आणि मातीतलं पाणी पिळून निघताना काटा कसा हळूहळू खाली सरकतो ते टिपत बसली होती. दिवस उलटला तरी काटा थांबायला तयार नाही. तिनं अहवालात स्पष्ट लिहिलं होतं, की या मातीवर जड इमारत उभी केलीत तर ती पुढची कित्येक वर्षं खचत राहील. अहवाल फायलीत गेला आणि त्याच मातीवर तीन मजले चढले. ताईचं घर तिथून चारशे पावलांवर, पण खाली सगळा न दबणारा मुरूम.

"अगं, पायरीच खाली चाललीय," ती ताईला म्हणाली. "पायरीवर उभं राहून बघणाऱ्याला तुझं घर वर जाताना दिसणारच."

पण म्हणणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. या सगळ्या उंच्या मुळात पुलाच्या पायथ्याशी खडकात ठोकलेल्या जुन्या खुणेवरून आणलेल्या. तिथून पुन्हा मोजायचं म्हणजे उन्हात अकरा वेळा मोजणीची दुर्बीण उचला, अकरा वेळा मांडा. कचेरीच्या मोजणीदाराला पायरी बरी पडायची. सावली असते, चहा तिथल्या तिथे येतो. चौदा महिने त्यानं एकदाही पूल गाठला नव्हता.

रविवारी सकाळी प्रयोगशाळेची दुर्बीण घेऊन तिघं निघाली. दुर्बिणीतून आकडे वाचायची उंच पट्टी धरायला ताई. ती दर मुक्कामाला पट्टी धरता धरता शेजारणींची खबर द्यायची आणि पट्टी डुलायची. मातीबाई ओरडली, की तुझ्या शेजारणीमुळे चार मिलिमीटर वाढले. ताईनं तोंड मिटलं, पण दोनच मुक्काम. भाऊजींनी वहीत आकडे घड्याळजीच्या अक्षरात लिहिले. ते वाचायला त्यांचंच भिंग लागलं. पुलापासून घर, घरापासून कचेरीची पायरी, आणि परत पूल. परतीला फरक एका मिलिमीटरचा, म्हणजे मोजणी चोख. घर जुन्या नोंदीप्रमाणे जिथल्या तिथे. पायरी तेहेतीसनं खाली; म्हणजे नोटिशीनंतरच्या दिवसांत आणखी दोन.

सोमवारी मोजणीदारानं वही पाहिली. माणूस वाईट नव्हता. बेरजा स्वतः करून पाहिल्या, पुन्हा केल्या, आणि कानाच्या पाळ्या लाल करून तिघांना साहेबांच्या खोलीत घेऊन गेला. खोलीचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून त्याला वीट लावलेली. फायलींच्या कपाटाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.

साहेबांनी वही चाळली आणि म्हणाले, "बोल्ट कार्यालयाचा आहे. नोंदीत त्याची उंची कायम धरलेली आहे. तो खाली जाईलच कसा?"

मातीबाईनं थेट चिकणमातीपासून सुरुवात केली. साहेबांनी तिला मधेच तोडलं. प्रकरण वर पाठवावं लागेल, म्हणाले, समिती बसेल, तोवर नोटीस कायम. तुम्ही या आता.

ताई उठली नाही. शिक्क्याला आयुष्यभर घाबरलेली ताई. तिनं वही स्वतःकडे ओढली, तेहेतीसच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि वही फिरवून साहेबांच्या पुढ्यात सरकवली.

"समिती तुमच्या पायरीसाठी बसवा, साहेब. काल ही पट्टी मी धरलीय. हललेलं घर रिकामं करायचं, हा नियम तुमचाच. मग नोटीस कुणाच्या दारावर लागणार, आमच्या की तुमच्या? मी बसलेय. लेखी सांगा."