भाचीचा पेनड्राइव्ह

शाळेच्या ऑफिसात मी बत्तीस वर्षं क्लार्क आहे आणि सगळी शाळा मला मामा म्हणते. पोरं म्हणतात, शिक्षक म्हणतात, मोठ्या बाईसुद्धा म्हणतात. खरी भाची मात्र एकच. ताईची नोकरी परगावी, म्हणून तिची लेक माझ्याकडे राहायची, त्या वर्षी दहावीला होती. आणि या खऱ्या भाचीनेच मला तीन महिने व्यवस्थित मामा बनवलं.

रोज पहिल्या घंटेआधी ती ऑफिसात डोकवायची. "मामा, माझा पेनड्राइव्ह लावून ठेव ना. चार्ज व्हायला हवा." मी माझ्या कॉम्प्युटरला लावून ठेवायचो, दुपारी ती घेऊन जायची. पेनड्राइव्ह कधी चार्ज करावा लागतो का, असं मला कुणाला तरी विचारता आलं असतं. पण हल्ली सगळंच चार्ज करावं लागतं, त्यात हेही असेल, असं मी धरून चाललो. अडाण्याचा गाडा म्हणतात तो असा.

एका बुधवारी दुपारी वरच्या मजल्यावर शाळेच्या समितीची सभा होती. ई-सिगारेटवर तेव्हा अजून बंदी आली नव्हती; ती आणावी की नाही, याबद्दल सरकारने शाळांचं मत मागवलं होतं. सभेत काय बोललं गेलं ते लिहून घ्यायचं काम माझं. खेळाच्या सरांनी सुरुवातीलाच खिशातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. "कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली. कुणीही घेऊ शकतं, वय विचारत नाहीत."

निळी, अंगठ्याएवढी, एका टोकाला चकचकीत पट्टी. माझं पेन थांबलं. अगदी तीच वस्तू त्या घटकेला खाली माझ्या कॉम्प्युटरला लावलेली होती.

मग चर्चा झाली, आणि मी मान खाली घालून लिहीत राहिलो. पालकांपैकी एक डॉक्टर होते, ते फुप्फुसांवर आणि मेंदूवर अर्धा तास बोलले. खेळाचे सर म्हणाले, "स्ट्रॉबेरी, कलिंगड, बबलगम. हे वास काय साठीच्या म्हाताऱ्यांसाठी काढलेत?" दुकानदार पालक म्हणाले, "बंदी घाला, माझं काय जातंय. पण बंदीने वस्तू दुकानातून जाते, दप्तरातून जात नाही." खरं तर दोघांचंही बरोबर होतं. दोघांचं लिहून घेता घेता मला नुसता शीण आला.

शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, "सरकारचं सरकार बघेल. आपल्या शाळेत ज्याच्याकडे ही सापडेल, त्याच्या हातात दाखला." "आणि मामा, खाली लिहा, आमच्या शाळेत असा एकही प्रकार नाही."

मी लिहिलं. बत्तीस वर्षांत मी खोटं लिहिलंच नाही असं नाही. तपासणीच्या दिवशी हजेरी शंभर टक्के कशी भरते, हे मला कुणी विचारू नये. पण या वाक्याला हात जड झाला. दाखला आमच्याकडे अजून हाताने लिहितात, आणि तो मीच लिहितो.

चहासाठी सभा पंधरा मिनिटं थांबली. मी खाली आलो तर भाची माझ्या टेबलापाशी उभी, वस्तू मुठीत. जिन्यावर मी रागवायची सगळी तयारी केली होती. तुझ्या आईला काय तोंड दाखवू, वगैरे. तिचा चेहरा बघून मी एवढंच विचारलं,

"कधीपासून?"

ती समजली. "सुट्टीपासून. सगळ्याजणी ओढायच्या. वास छान येतो, म्हणून मीही."

"मग सोड की."

"सोडली होती. तीनदा. दुसऱ्या तासाला डोकं भणभणायला लागतं, मामा. फळ्यावरचं डोक्यात शिरत नाही. कुणावरही खेकसते मी. मला वाटलं होतं, हे माझ्या हातात आहे."

"सांगायचंस तरी कुणाला."

"बाईंना सांगितलं तर शाळेतून काढतील. आईला सांगितलं तर ती नोकरी सोडून येईल. आणि तू..." ती रडता रडता हसली. "तुला तर पेनड्राइव्हच वाटत होता."

मला स्वतःची फार लाज वाटली. रोज सकाळी मीच तिला ती भरून देत होतो. "इथेच बस," म्हणालो आणि पुन्हा जिना चढलो.

बाई सही करायला पेन उघडत होत्या. "बाई, एक दुरुस्ती आहे," मी म्हणालो. "एकही प्रकार नाही, हे खोटं आहे. एक आहे. माझी भाची."

बाईंनी दाराकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाल्या, "मामा, तुम्ही काही बोलला नाहीत आणि आम्ही काही ऐकलं नाही. दहावीचं वर्ष आहे पोरीचं. चहा घ्या." मायेनेच म्हणाल्या. क्षणभर मलाही वाटलं, बसावं, चहा घ्यावा, संपवावं एकदाचं.

"उपकार आहेत तुमचे," मी म्हणालो. "पण बाई, प्रत्येक पोराचा मामा ऑफिसात नसतो. आणि तुम्ही ऐकलंच नाही, तर पोरांनी सांगायचं कुणाला? दाखला द्यायचा तर द्या, मीच लिहून देतो. पण आधी मला एवढं सांगा, ती सुटायची कशी? पोरगी तीनदा हरलीय."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी पुढ्यातले कागद चाळले, मग उलटून पुन्हा चाळले.

"दुष्परिणामांचं सगळं आणलंय मी," ते म्हणाले. "सोडवायचं काही आणलं नाही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "बोलवा तिला वर," त्या म्हणाल्या. "तिलाच विचारू."

मी तिला आणायला निघालो. सही झाली नव्हती, पण दाखल्याचं वाक्यही अजून कुणी खोडलं नव्हतं.