अर्ध्यावर थांबलेला आर्किमिडीज

कमलाकरने टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं आणि घसा खाकरला.

"तर नूपुर, सिराक्यूज शहर पडलं. रोमन सैनिक घराघरांत शिरले. आपला आर्किमिडीज मात्र वाळूत वर्तुळं काढत बसलेला..."

एवढ्यात बाहेर बत्हा बाजारावर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजायला लागला. जिन्यात पावलं धडधडली आणि खालच्या मजल्यावरच्या दुकानाचा मालक, रत्नागिरीचा मोहियुद्दीन, दार ठोकू लागला.

"साहेब, खाली या हो! मिसाईल काय दार वाजवून येणार आहे?"

कमलाकरने माईकवर तळहात धरला, "तुम्ही व्हा पुढे" म्हणाला आणि माईक तोंडाशी घेऊन गोष्ट चालू ठेवली. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या होत्या. टेपमध्ये काही जाणार नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

"आणि दारात एक सैनिक उभा राहिला. हातात तलवार. त्याने हाक मारली..."

इथे त्याने बटण बंद केलं. मुद्दामच. पुढे काय झालं हे नूपुरने विचारावं, एवढीच त्याची धडपड होती.

ऑगस्टमध्ये आखाती युद्धाच्या भीतीने मायलेकी नाशिकला निघाल्या, तेव्हा विमानतळावर बारा वर्षांच्या पोरीला कळलं की तिकिटं दोनच आहेत. तिसरं आहे असं बाबांनी चक्क खोटं सांगितलं होतं. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे नोकरीच्या मालकाकडे अडकलाय, हे तिला सांगायची त्याची छाती झाली नव्हती. तेव्हापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. फोनवर यायची नाही. टेपची एक बाजू त्याची, दुसरी नाशिकची. तीच कॅसेट जायची आणि परत यायची. त्याची बायको विद्या शेजारपाजारचं सगळं सांगायची, मग म्हणायची, "नूपुर, बोल की बाबांशी." त्यानंतर फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज. कमलाकर तो आवाज मागे नेऊन नेऊन ऐके. पोरगी आहे तिथे, एवढं तरी कळायचं.

म्हणून या अर्धवट गोष्टी. छोट्या गाऊसने पाटी गुरुजींच्या टेबलावर ठेवली, तिथे थांबायचं. ऑयलरचा दुसरा डोळाही गेला, तिथे थांबायचं. गाल्वाची द्वंद्वाची सकाळ उजाडली, थांब. तिन्ही वेळा फक्त खुर्ची परत आली. एकदा तर त्याला स्वतःचाच राग आला. मेलेल्या गणितज्ञांच्या आडून लेकीची मनधरणी करणारा बाप!

भोंगा वाजला तरी तो खाली जात नसे. खाली सगळे आपापल्या पोरांचं बोलत बसायचे. ते त्याला सहन होत नव्हतं.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी मोहियुद्दीनचा मेहुणा गावाहून जेद्दाहमार्गे आला आणि कॅसेट देऊन गेला. कमलाकरने बूटही काढले नाहीत. दुसरी बाजू लावली. विद्या बोललीच नाही. खुर्ची सरकली, पण या वेळी अगदी जवळ.

"बाबा, मी नूपुर. आई भाजी आणायला गेलीय म्हणून बोलते. मी लायब्ररीतून बुक आणलं. सोल्जरने आर्किमिडीजला हाक मारली, पण तो म्हणाला, माझी वर्तुळं बिघडवू नकोस. उठलाच नाही. मग त्याला मारलं."

टेपवर नुसती खरखर. कमलाकर वाकून बसला.

"तुमच्या टेपमध्ये भोंगा आहे. आई ऐकत होती तेव्हा मी तेवढं फॉरवर्ड केलं. कोणीतरी अंकल तुम्हाला हाका मारतायत आणि तुम्ही आपली गोष्टच सांगताय! मला इतका राग आला ना, बाबा. इतका..." तिचा आवाज फाटला. "भोंगा झाला की उठायचं. ओके? आणि पुढच्या वेळी गोष्ट पूर्ण सांगायची."

खट् करून टेप थांबली. कमलाकर कितीतरी वेळ डोळे पुसत राहिला. रडू आवरत नव्हतं आणि ते आवरावं असंही वाटत नव्हतं.

रात्रीची इशाची नमाज होऊन थोडाच वेळ झाला असेल, भोंगा वाजला. सवयीने त्याचा हात मागे न्यायच्या बटणाकडे गेला. मग त्याने टेपरेकॉर्डर काखेत मारला, दिवा घालवला आणि जिना उतरला.

दुकानाच्या मागच्या खोलीत सगळे दाटीवाटीने बसले होते. मोहियुद्दीन त्याच्याकडे बघतच राहिला.

"या, या! आज कशी काय वाट चुकलात, साहेब?"

"पोरगी ओरडली," कमलाकर म्हणाला, आणि तांदळाच्या पोत्यावर जागा करून बसला.