आंत्रपुच्छाबाबत दुरुस्ती

आत्याने मोबाइल कापसाच्या डब्याला टेकवून उभा केला, लाल बटण दाबलं आणि घसा खाकरून म्हणाली, "कृपया इकडे लक्ष द्या. धडा सातवा. पचनसंस्था."

खाटेवर डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवून पडलेली भिंगरी फिस्सकन हसली. त्यासरशी एक घडी घसरून कानात गेली.

"आत्या, बसस्टँड नाहीये हे."

"मग मेली सवय जाते का?"

आत्याची सगळी नोकरी बसस्थानकातल्या घोषणेच्या खिडकीत गेली होती. गाडी सुटणार आहे, गाडी उशिरा येत आहे, काळी छत्री सापडली आहे. कागदावर लिहून येईल तेवढं वाचायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. एकदाच तिने 'गाडी उशिरा येत आहे' याच्यापुढे 'नेहमीप्रमाणे' असं जोडलं होतं, आणि त्याबद्दल लेखी खुलासा दिला होता. निवृत्त झाल्यावर ती मधल्या भावाकडे राहायला आली. भिंगरी ही त्या भावाची मुलगी. नाव वेगळं होतं, पण लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून हे चिकटलं ते बारावीपर्यंत.

आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर भिंगरीचे डोळे आले. आले म्हणजे असे आले की डॉक्टरांनी वाचन बंद, मोबाइल बंद, उजेडही बेताचा, असं फर्मान काढलं. "मग अभ्यास?" असं तिने रडवेल्या आवाजात विचारलं, तर म्हणाले, "कानाने करा."

ते त्यांनी आपलं चेष्टेने म्हटलं होतं. आत्याने मनावर घेतलं. जीवशास्त्राच्या नोट्सची जाडजूड चळत मांडीवर घेऊन ती रोज दुपारी वाचायला बसू लागली. एकदा ऐकून लक्षात राहत नाही म्हणून मोबाइलवर आवाज साठवून ठेवायचा, हीसुद्धा तिचीच युक्ती.

पहिले धडे तिने नोकरीत वाचायची तसेच वाचले, स्वच्छ, खणखणीत आणि सपाट. भिंगरी दर वेळी झोपी गेली.

"तुझा आवाज ऐकला ना आत्या, की वाटतं कुठेतरी जायचंय, पण गाडीच आलेली नाही."

हे आत्याला लागलं. तिने चष्मा कपाळावर सरकवला, नोट्स मिटल्या आणि आयुष्यात दुसऱ्यांदा माइकपुढे कागदाबाहेरचं बोलली.

"हे बघ. पेशीपटल कसं असतं? निवडक. काय आत घ्यायचं, काय नाही, हे ते ठरवतं. तुझ्या बापासारखं. बायकोचं बोलणं आत जातं, बहिणीचं बाहेर राहतं. कळलं?"

कळलं. चांगलंच कळलं. त्या दिवसापासून भिंगरी झोपली नाही. परोपजीवी म्हणजे समोरची बाई, जी साखर मागायला येते आणि चहा पिऊन जाते. जीभ म्हणजे भिंगरीची मावशी. आणि यकृत?

"यकृत शेकडो कामं करतं आणि हूं की चूं करत नाही. दुखलं तरी सांगत नाही. ही तुझी आई. मात्र एकदा का ते सुजलं, की मग सगळ्यांची धावाधाव."

सातव्या धड्यात ती अशी मोठ्या आतड्यापर्यंत आली आणि थांबली. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"आता आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स. हा तुझा काका. आहे म्हणून आहे. कशाला आहे ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. एका कोपऱ्यात निवांत पडून असतो. पण ठणकायला लागला की अख्ख्या घराला पळवतो."

भिंगरी पोट धरून हसली. दोन्ही घड्या जमिनीवर पडल्या.

काका म्हणजे आत्याचे सगळ्यात धाकटे भाऊ. वरच्या खोलीत राहायचे आणि धंदे करायचे. अळिंबी लावली, तिला बुरशी आली. शोभेचे मासे आणले, मोठ्यांनी छोटे खाल्ले, आणि मग मोठे समोरच्या बाईच्या मांजराने. सध्या ते लोकांची हेल्मेटं आतून धुऊन, सुकवून, वास घालवून देत असत. टेबल लावलं होतं कॉलेजच्या फाटकासमोर. 'हेल्मेट कोणी धुतं का?' असं भिंगरीच्या बाबांनी विचारलं होतं. 'म्हणूनच,' असं काकांनी उत्तर दिलं होतं.

भिंगरीने डोळे किलकिले करून तो आवाज एका मैत्रिणीला पाठवला. एकीलाच. आठवडा उलटायच्या आत तो कॉलेजभर झाला.

घरच्यांना हे कळलं ते पोरं भिंगरीला बघायला आली तेव्हा. डोळ्यांची साथ म्हणून सगळी दारातच अंतर राखून उभी होती. आईने पाण्याचे ग्लास आणले तसा एक उंच मुलगा लगबगीने पुढे झाला.

"काकू, द्या तो ट्रे. तुम्ही बसा. यकृताला कधी सुट्टीच नसते."

आईने ट्रे दिला. बसली मात्र नाही. तेवढ्यात बाबा कामावरून आले, आणि मागे उभी असलेली एक मुलगी दुसरीच्या कानात कुजबुजली, "पटल आलं, पटल."

पोरं गेल्यावर जेवणाच्या टेबलावर मोबाइल ठेवून सातही धडे ऐकण्यात आले. आत्या खिडकीबाहेर बघत बसली होती. आपल्यावरचा भाग आल्यावर बाबा म्हणाले, "असं काही नाहीये." आईने लगेच विचारलं, "काय नाहीये?" ते म्हणाले, "काही नाही."

यकृतापाशी आईने मोबाइल थांबवला.

"सुजलं म्हणजे? मी जाड झालेय असं म्हणायचंय का वन्संना?"

"अगं, ते यकृताबद्दल आहे."

"यकृत मीच ना?"

पण त्यानंतर भांडी लावताना तिने तेवढाच तुकडा परत लावला, आणि मग आणखी एकदा. शेकडो कामं. हूं की चूं नाही. घरात इतक्या वर्षांत हे कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

आंत्रपुच्छ आलं तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

"भाऊजींच्या कानावर जाता कामा नये," आई म्हणाली.

"कॉलेजच्या फाटकाशी बसतो तो," बाबा म्हणाले. "दिवसभर."

त्या संध्याकाळी काका आले ते गप्प. जेवणाला नावं ठेवली नाहीत. नवा धंदा सांगितला नाही. भात पुन्हा हवा का विचारलं तर नको म्हणाले, आणि ताट उचलून, स्वतः विसळून वर निघून गेले.

"त्याला कळलंय," आत्या म्हणाली.

"दमला असेल गं ताई."

"तो कशाने दमणार?" असं ती सवयीने बोलून गेली, आणि मग जीभ चावून उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नोट्स तशाच ठेवून ती चपला घालून बाहेर पडली. कॉलेजच्या फाटकापाशी पोहोचेपर्यंत तिने मनात माफीची तीन वाक्यं जुळवली होती, सरळ आणि खुलाशासारखी. फाटकाशी रांग होती. प्रत्येकाच्या हातात हेल्मेट. टेबलावरच्या जुन्या पाटीखाली कोणीतरी पुठ्ठा लावला होता. त्यावर निळ्या शाईत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आंत्रपुच्छ काका. हेच ते.'

काका एका हेल्मेटच्या पोटात ब्रश फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, "ताई, तुझं हेल्मेट कुठाय?"

"मी बोलायला आलेय."

"बोल की. तुला बोलायला कधी परवानगी लागली?"

"लागायची," आत्या म्हणाली. "नोकरीत."

रांगेतली पोरं तो आवाज ऐकून चमकली. एकमेकांना कोपरं मारू लागली. आत्याला पाठ केलेली वाक्यं आठवेनात.

"गंमत म्हणून बोलले रे मी. ते बाहेर जाईल असं…"

"ऐकलं मी. चारदा."

"राग आला?"

"पहिल्यांदा आला. दुसऱ्यांदाही आला." काकांनी वारा मारायचं यंत्र सुरू केलं, थोड्या वेळाने बंद केलं. "मग त्यांच्या जीवशास्त्राच्या मॅडम आल्या हेल्मेट घेऊन. मी म्हटलं, मॅडम, खरं सांगा, अगदीच काही उपयोग नाही का याचा? त्या म्हणाल्या, जुनी समजूत आहे. आता म्हणतात की चांगले जंतू तिथे साठून राहत असावेत. जुलाबाने आतडं धुऊन निघालं की तिथून ते पुन्हा पसरतात. गुदामासारखं." त्यांनी हेल्मेट फडक्याने पुसलं, मग पुसलेलंच परत पुसलं. "माझं सोड ताई. पोरांची परीक्षा आहे. चुकीचं लिहून येतील."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा शांत होता, पण कान लालबुंद झाले होते. शाळेत कोणी चिडवलं की याचे कान असेच व्हायचे, आणि हा घरी येऊन 'काही नाही' म्हणायचा. त्यांची आई गेल्यानंतर त्याला डबा भरून द्यायला तीच होती, त्यामुळे ते कान तिला पाठ होते.

घरी येऊन तिने सातवा धडा पहिल्यापासून वाचला. चुकलं होतं ते दुरुस्त केलं, आणि हात लागलाच आहे म्हणून बाकीचंही साफ केलं. आई, मावशी, काका, सगळ्यांना बाहेर काढलं. राहिली ती शुद्ध पचनसंस्था. भिंगरीने ती पाठवून दिली. संध्याकाळपर्यंत कॉलेजातल्या पोरांचे निरोप आले, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: आत्यांची तब्येत बरी आहे ना?

दुसऱ्या दुपारी काका धंदा लवकर आटपून थेट भिंगरीच्या खोलीत आले. हातात मोबाइल होता.

"मी कुठेय यात?"

"काढलं तुला."

"का?"

"तुला वाईट वाटलं ना?"

"वाईट वाटलं म्हणून काय काढून टाकायचं?" काका खाटेच्या कडेला बसले. भिंगरीने पाय आखडून घेतले. तिचे डोळे आता बरेच उघडत होते, आणि ती ते उघडे ठेवून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "आज निम्मी रांग नव्हती माझ्याकडे. एक जण तर पुठ्ठा काढू का विचारत होता."

"मग काय सांगू तुझ्याबद्दल?"

काकांनी विचार केला. "सांग, की आहे. कशाला आहे ते हळूहळू कळतंय."

आत्याने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग बटण दाबून तेवढं सांगितलं, आणि मॅडमचं गुदामही सांगितलं. काका मान डोलवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "सगळं घर सांगितलंस तू. तू कुठेयस त्यात?"

"मी वाचतेय ना."

"ते झालंच. पण कोण आहेस?"

"जीभ!" भिंगरी म्हणाली.

"जीभ मावशीला दिली."

"मग हृदय घे."

"हृदय नको," आत्या म्हणाली. "उठसूट सगळेच स्वतःला हृदय म्हणवतात."

काकांनी तिच्या मांडीवरची चळत ओढून घेतली आणि तिच्यात बहिणीला शोधायला लागले. मूत्रपिंडावर थांबले, तिच्याकडे बघून पुढे गेले. प्लीहेचा उच्चार चुकला, तो तिने दुरुस्त केला. पित्ताशय भिंगरीने सुचवलं, त्यावर दोघांनी तिला एकदमच गप्प केलं. फुलांचे धडे उलटले, बेडकाचे उलटले. शेवटी वाचायचा राहिलेला ऊतींचा धडा आला. काका एका परिच्छेदावर बोट ठेवून अडखळत वाचू लागले.

"संयोजी ऊती. या शरीरातल्या मोकळ्या जागा भरतात…"

"म्हणजे भरताड," आत्या म्हणाली. "सरळ म्हण की."

"…आणि सगळ्या अवयवांना आपापल्या जागी धरून ठेवतात."

काकांनी पान तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, परत लांब धरलं.

"हस्ताक्षर काय गं तुझं हे," ती भिंगरीला म्हणाली. "कोंबडीचे पाय बरे."

मग तिने बटण दाबलं आणि ऊतींचा धडा वाचायला घेतला. स्नायूंना उदाहरण दिलं, चेतापेशींना तर दोन दिली. संयोजी ऊतींचा परिच्छेद आला तेव्हा तिने कागदावर होता तेवढाच वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

आत्या एखादी गोष्ट दोनदा वाचते म्हणजे ती परीक्षेला नक्की असणार, असं कॉलेजभर ठरलं. पोरांनी तो परिच्छेद शब्दन् शब्द घोकला. तो काही आला नाही.